ग्लू गनने गढी: गरम गोंद साच्यात ओतून स्वस्तातलं टेरेन

गेल्या मे महिन्यात मी स्कूटरच्या डिकीतून एक गढी जळगावहून भुसावळला नेली. निघाली तेव्हा तटबंदी ताठ होती. पोचली तेव्हा चारही भिंती आत झुकून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून बसल्या होत्या. ज्याच्याकडे खेळायला गेलो होतो तो म्हणाला, "भो, वेढा पडायच्या आधीच गढी पडली!" त्या दिवशी सपाट टेबलावर खेळलो. हा लेख त्या गढीमुळेच लिहितोय, म्हणजे तुमची तरी उभी राहील.

टेबलटॉप गेम खेळणाऱ्यांना टेरेनचा, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या भिंती-घरांचा, खर्च सांगायला नको. बाहेरून मागवलेला रेझिनचा एक सेट, त्यावर कुरिअर आणि कस्टम, एवढ्या पैशांत घरातला पंखा बदलून होतो. थ्रीडी प्रिंटर सगळ्यांकडे नसतो. मला जमलेला मार्ग म्हणजे ग्लू गन आणि सिलिकॉनचा साचा. ग्लू गनमधला गोंद म्हणजे मुख्यतः ईव्हीए नावाचं प्लास्टिक, चिकटपणासाठी त्यात राळ आणि थोडं मेण. गरम केला की वाहतो, गार झाला की रबरासारखा टणक होतो. मिसळायचं काही नाही, मोजायचं काही नाही, आणि ओतीव तुकडा टेबलावरून पडला तर उसळी मारतो, फुटत नाही.

पण त्याच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. दगड, विटा, लाकडी फळ्या, मातीची भिंत, पडझडीचा ढिगारा, डबकं, हे सगळं झकास निघतं. चेहरे, तलवारी, जाळीचं नक्षीकाम निघत नाही. मिनिएचर, म्हणजे खेळातली छोटी माणसं, ओतायला जाल तर शेंगदाण्याच्या लाडवाला हातपाय फुटल्यासारखं काहीतरी हाती येईल. मी दोनदा प्रयत्न केलाय.

काय काय लागेल

- ११ मिमी कांडीची, ६० किंवा १०० वॅटची ग्लू गन. ७ मिमीची २० वॅटवाली छोटी गन शाळेच्या प्रोजेक्टला ठीक आहे. साचा भरायला घेतलात तर ती निम्म्यातच दमते आणि तोवर पहिला थर गार होतो.
- ११ मिमीच्या कांड्या, किलोवर. दुधट पांढऱ्या घ्या. पिवळसर कांडी जास्त चिकट असते आणि साचा सोडताना त्रास देते, असा माझा अनुभव.
- खिडक्या-काचांना लावतात ते जीपी (जनरल पर्पज) सिलिकॉन सीलंट, त्याची गन आणि कॉर्नफ्लॉर.
- मूळ नमुन्यासाठी एम-सील.
- व्हॅसलीन, टाल्कम पावडर, भांडी घासायचं लिक्विड.
- गुळगुळीत फरशीचा तुकडा, बेकिंग पेपर, कटर, कात्री.
- गार पाण्याने भरलेलं पातेलं. हे यादीत शेवटी असलं तरी टेबलावर सगळ्यात आधी ठेवायचं.

१. आधी आकार ठरवा, आणि तो इथलाच ठरवा

नवखा माणूस पहिल्यांदा युरोपातला किल्ला करायला घेतो. मीही तेच केलं. उतरती कौलं, टोकदार मनोरे, आणि सगळ्या कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे. मग एकदा आजोळी, यावलजवळच्या गावात, धाब्याच्या घरावर बसलो असताना डोक्यात उजेड पडला. धाबं सपाट असतं, म्हणजे त्यावर मिनिएचर उभी राहतात. धनुर्धारी छपरावर चढवायचा तर उतरत्या कौलांवरून तो दर चालीला घसरतो, धाब्यावर मात्र निवांत उभा राहतो. शिवाय मातीच्या जाड भिंती, गोलसर झालेल्या कडा, वर पसरलेली खारी माती. हे सगळं हॉट ग्लूच्या स्वभावात बसतं, कारण गार होताना हा गोंद तीक्ष्ण कडा थोड्या मऊ करतोच.

तेव्हा सुरुवातीला तीनच नमुने करा: काळ्या दगडाची भिंत, मातीची भिंत आणि मोटेची विहीर. नमुना हवा असेल तर धुळ्याजवळच्या लळिंगला किंवा पारोळ्याच्या भुईकोटाला एक चक्कर टाका आणि दगडांची रचना जवळून पाहा. फोटोत सगळे दगड सारखे वाटतात, जवळ गेल्यावर दोन मोठ्या दगडांच्या फटीत बसवलेल्या चिपा दिसतात. त्या चिपा नमुन्यात आल्या की भिंत लगेच खरी वाटते.

मापं: २८ मिमीच्या मिनिएचरसाठी भिंतीचा तुकडा ७५ मिमी लांब, ५० मिमी उंच, ६ मिमी जाड ठेवा. दार ४० मिमी उंच, कारण मिनिएचर बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, उभी असते आणि तिची उंची त्याने वाढते. एक इंची चौकोनांवर खेळत असाल तर लांबी इंचाच्या पटीत घ्या. ७५ मिमी म्हणजे जवळपास तीन चौकोन.

२. मूळ नमुना

एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. फरशीवर पावडर भुरभुरून पोळीसारखं लाटा आणि मापात कापा. दगडांच्या रेघा बोथट पेन्सिलीने ओढा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा हलक्या हाताने दाबत फिरवा, दगडाचा खरखरीतपणा आपोआप उमटतो. मातीच्या भिंतीला जुना टूथब्रश टोचा आणि गोणपाटाचा तुकडा एकदा दाबून उचला. रात्रभर वाळू द्या.

याहून सोपा मार्ग म्हणजे नमुना करायचाच नाही. रस्त्याच्या कामाच्या खडीत काळ्या बेसॉल्टचे ताजे फुटलेले दगड असतात. त्यातला एक सपाट तोंडाचा निवडा, धुवा, वाळवा, आणि थेट त्याच्यावरच साचा घ्या. कडे-कपारी त्याच्यासारख्या हाताने कुणाला जमणार नाहीत.

विहिरीसाठी पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला बाहेरून एम-सीलचे दगड लावा. वर थारोळं आणि बैलांची धाव करायची असेल तर ती वेगळी ओता. सगळं एकाच साच्यात कोंबू नका.

३. साचा: खरं काम इथे आहे

आमच्या सराफ बाजारात एक ओळखीचे कारागीर आहेत. दागिन्यांचं मेण रबरी साच्यात भरून मग ओतकाम करणं हा त्यांचा रोजचा उद्योग. माझा पहिला साचा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट केला, बोटाने आतून चाचपला आणि म्हणाले, "ओतनं कोनीबी करतं भो. निघाला पाह्यजे." साच्यात एका ठिकाणी दगड खालून आत वळलेला होता, म्हणजे तोंड लहान आणि पोट मोठं. असा खाचा राहिला की तुकडा आत अडकतो. ओढून काढला तर साचा फाटतो. सिलिकॉन लवचीक असल्यामुळे थोडंफार चालतं, पण नमुना करतानाच बाजू किंचित उतरत्या ठेवा. भिंतीची मागची बाजू सपाट आणि पुढची किंचित लहान असली की तुकडा टपकन सुटतो.

आता कृती. नमुना फरशीवर पालथा नको, नक्षी वर हवी. खाली थोडं व्हॅसलीन लावून चिकटवा. नमुन्यावरही व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. जाड लावलंत तर साच्यात दगडांऐवजी तुमच्या बोटांचे ठसे येतात.

सिलिकॉन घेताना नळीवर ॲसिटिक क्युअर किंवा ॲसिटॉक्सी लिहिलंय का बघा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला पाहिजे. न्यूट्रल क्युअरवालं या कामाला घेऊ नका. नुसतं सीलंट हवेतल्या दमटपणाने वरून सुकतं आणि जाड थर आत कित्येक दिवस ओला राहतो. कॉर्नफ्लॉर मिसळलं की त्यातला ओलावा आतपर्यंत पोचतो आणि सगळा गोळा एकदमच जमतो.

पहिला थर पातळ: थोड्याशा सिलिकॉनमध्ये चिमूटभरच कॉर्नफ्लॉर घालून जुन्या ब्रशने प्रत्येक फटीत घुसवा. फटीत हवा राहिली तर तिथे ओतीव तुकड्यावर कायमचा मस येतो. त्यावर दुसरा थर: दोन भाग सिलिकॉनला एक भाग कॉर्नफ्लॉर, पोळीच्या कणकेसारखं मळून. हाताला लिक्विड सोपचं पाणी लावत राहा, नाहीतर ते बोटांना जे चिकटतं ते दोन दिवस जात नाही. कॉर्नफ्लॉर निम्म्याहून जास्त झालं तर गोळा हातातच जमायला लागतो आणि साचाही कडक होतो. सगळीकडून किमान १० मिमी जाडी ठेवा आणि वरची बाजू फरशीने दाबून सपाट करा, कारण साचा उलटल्यावर तोच त्याचा तळ होणार आहे.

हे गच्चीवर किंवा खिडकीजवळ करा. वास ॲसिटिक ॲसिडचा असतो, डोळे चुरचुरतात. मी एकदा थंडीत दार लावून केलं आणि आजीने दुसऱ्या खोलीतून विचारलं, "हाई काय शे रे? लोणचं उतरनं का?" जवळ तांब्या-पितळेची भांडी ठेवू नका, वाफेने काळवंडतात.

तासाभरात साचा हाताला कोरडा लागेल. तरीही पूर्ण एक दिवस ठेवा, आंबट वास गेल्याशिवाय वापरू नका.

हा सगळा खटाटोप नको असेल तर केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात फाँडंटसाठी विटांचे, लाकडी फळ्यांचे तयार सिलिकॉन साचे मिळतात. सुरुवातीला ते चांगलेच. फक्त एकदा गोंद ओतला की तो साचा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. गरम पाण्यात मऊ करून हव्या त्या आकारावर दाबायचे जे प्लास्टिकचे साचे मिळतात, ते या कामाला नकोच. जे गरम पाण्याने मऊ पडतं त्यात १९० अंशांचा गोंद ओतल्यावर साचा आणि गोंद यांचा एकच गोळा होतो.

४. पावडर

सिलिकॉनला गोंद सहसा चिकटत नाही, पण बारीक नक्षीत धरून बसतो. कारागिरांची युक्ती: टाल्कम पावडर मलमलच्या कापडात बांधून पुरचुंडी करायची, ती साच्यावर दोन-तीनदा आपटायची आणि मग फुंकर मारायची. साच्यावर धुरासारखा थर राहिला पाहिजे, पांढरा दिसता कामा नये. तेल किंवा व्हॅसलीनही चालतं, पण नंतर रंग बसताना ते नडतं.

५. ओतणं

गन स्टँडवर उभी करून पाच-सात मिनिटं तापवा. टेबलावर आडवी टाकू नका, वितळलेला गोंद मागे सरकून आत जाम होतो. अडकलेली कांडी मागून ओढू तर मुळीच नका. पुढच्या कांडीनेच ती ढकलली जाते.

साचाही कोमट हवा. गार साच्याला गोंद टेकला की त्याच क्षणी साय धरतो आणि खालची नक्षी भरायच्या आधीच घट्ट होतो. पुण्या-मुंबईचे लोक हेअर ड्रायर वापरतात. आपण साचा एप्रिलमध्ये दहा मिनिटं गच्चीवर ठेवायचा, झालं. आपल्या उन्हाचा एवढा एकच फायदा मला माहीत आहे.

नोझल साच्याच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात टेकवा आणि ट्रिगर दाबा. गोंद वर चढेल तसं नोझल त्याच्या आतच बुडवून हळूहळू पुढे न्या. वरून धार सोडलीत तर धारेच्या घड्यांमध्ये हवा अडकते, आणि नेमकी ती दर्शनी बाजूला येते. मध्ये थांबू नका. दुसरी कांडी हाताशी ठेवा, पहिली संपायच्या आधीच मागून लावा.

किती गोंद लागतो? माझ्याकडची कांडी ११ मिमी जाड आणि २० सेंमी लांब, म्हणजे साधारण १९ घनसेंमी माल. वर सांगितलेली भिंत २२.५ घनसेंमी, म्हणजे सव्वा कांडीच्या आत-बाहेर. किलोत अशा पन्नासेक कांड्या येतात, तेव्हा भरीव ओतलं तरी एका किलोत चाळीसेक भिंती. त्यातही बचत करायची तर साचा निम्मा भरून गोंद गरम असतानाच मागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा दाबून बसवा. भिंत हलकी होते, ताठ राहते, आणि गोंद निम्माच लागतो. पुठ्ठ्याऐवजी थर्माकोल मात्र नको, गरम गोंद लागताच तो आकसून भोक पडतं. माझ्या पहिल्या पाच भिंतींचं पोट असंच पोकळ निघालं होतं.

भरून झाल्यावर बेकिंग पेपर ठेवून वर फरशी दाबा, पाठ सपाट होते. तरीही गार होताना गोंद आकसतो आणि पाठीला मधोमध खळगा पडतो. तो नंतर दुसरा थर देऊन भरायचा, पहिल्यांदाच उतू जाईपर्यंत ओतून उपयोग नाही.

भाजणं: भाजणार आहातच, तेव्हा आधी वाचा. गोंद कातडीला चिकटतो आणि चिकटून भाजतच राहतो. ओरबाडून काढू नका, कातडी सोबत येते. हात सरळ गार पाण्यात घाला आणि बराच वेळ तिथेच ठेवा. मोठा फोड आला किंवा गोंद सुटत नसेल तर डॉक्टरकडे जा. नायलॉनचे हातमोजे घालू नका, सुती घाला. घरातल्या लहानांना हे करायचंच असेल तर कमी तापमानाची गन द्या आणि शेजारी बसा.

६. बाहेर काढणं

घाई हाच इथला मोठा शत्रू. गोंद वरून गार लागतो, पण आत अजून ऊन असतो. अर्धवट काढलेली भिंत केळीच्या सालीसारखी वाकते आणि तशीच घट्ट होते. साधारण पंधरा-वीस मिनिटं थांबा, किंवा वर साय धरल्यावर साचा पातेल्यातल्या पाण्यात ठेवा. फ्रीजरमध्ये दहा मिनिटंही चालतात, घरच्यांची परवानगी असेल तर.

मग साच्याच्या कडा चारही बाजूंनी बाहेर दुमडून हवा आत जाऊ द्या आणि साचा तुकड्यावरून सोला. तुकडा साच्यातून ओढायचा नाही. वाकलेला निघाला तर गरम पाण्यात बुडवा, मऊ झाला की फरशीखाली दाबून गार होऊ द्या. बिघडलेले तुकडे फेकू नका, बारीक कापून ठेवा. पुढच्या वेळी साच्याच्या पाठच्या बाजूला भरताना कामी येतात. ते वाटीत घालून गॅसवर वितळवायचा मोह होईल. करू नका, धूर होतो आणि वाटीही जाते.

७. जोडणी

कडांची पापडी कात्रीने कापा. तुकडे जोडायला वेगळं काही लागत नाही, त्याच गनचा एक थेंब पुरतो. धाब्यासाठी पुठ्ठा कापून बसवा, पण चिकटवू नका. छप्पर उचलता आलं तर आतल्या खोलीतही खेळता येतं. शेतात जुनं ठिबक पडलं असेल तर १६ मिमीच्या नळीचे तुकडे पन्हाळ्या म्हणून, ओंडके म्हणून, पिंपं म्हणून लावा. जळगाव जिल्ह्यात ही वस्तू विकत घ्यावी लागली तर नवलच.

८. रंग

तुकडा लिक्विड सोप आणि ब्रशने धुवा, वाळवा. ॲक्रिलिक रंग या गोंदावर थेट धरत नाही, नखाने सोलून निघतो. म्हणून आधी काळा ॲक्रिलिक आणि फेविकॉल निम्मे-निम्मे मिसळून एक हात द्या आणि रात्रभर ठेवा. त्यावर गडद करडा, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट करडा फक्त उंचवट्यांवर फिरवा. मातीच्या भिंतीला करड्याऐवजी तपकिरी आणि खाकी. शेवटी खूप पाणी घातलेला तपकिरी रंग फटींत सोडा.

स्प्रे कॅन वापरायचा तर आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. माझा एक तुकडा आठवडाभर चिकटच राहिला होता.

बेसवर फेविकॉल लावून चाळलेली वाळू टाका. वापरून उन्हात वाळवलेली चहापत्ती म्हणजे पाचोळा, गोणपाटाचे धागे म्हणजे सुकलेलं गवत. हिरवंगार गवत लावण्याआधी मे महिन्यातलं आपलं माळरान आठवा.

९. ठेवायचं कुठे

हा गोंद साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडून स्वतःच्या वजनाने वाकायला लागतो. आपल्याकडे सावलीत पारा ४५ पर्यंत जातो, मग उन्हात लावलेली बंद गाडी, स्कूटरची डिकी, पत्र्याच्या खोलीतलं वरचं फडताळ यांचं काय होत असेल याचा अंदाज करा. मार्च ते जूनमध्ये टेरेन खालच्या कप्प्यात, शक्यतो भिंती आडव्या करून ठेवा. उंच तटबंदीच्या मागे पुठ्ठा किंवा आइस्क्रीमच्या काड्या आतून लावाच. न्यायचं असेल तर सकाळी आठच्या आत निघा, किंवा थर्माकोलच्या खोक्यात खाली गार पाण्याची बंद बाटली ठेवून न्या. गार झालेल्या गोंदाचं आणि थर्माकोलचं भांडण नसतं.

माझी ती वाकलेली गढी मी सरळ केली नाही. आतून काड्या लावल्या, भिंतींच्या पायथ्याला ओतलेल्या दगडांचा ढिगारा टाकला, वर दोन ठिकाणी गोणपाटाचं गवत उगवलं. आता ती पडकी गढी म्हणून खेळात येते, आणि भुसावळकर दर वेळी आपली माणसं तिच्यातच लपवतो.